प्रार्थनेतली नावे

काही पुस्तके आपण इतक्या वेळा शिकवतो की ती वाचायची राहून जातात. माझ्यापुरते ‘स्मृतिचित्रे’ हे तसे पुस्तक आहे. गेली पंधरा-सोळा वर्षे या ना त्या अभ्यासक्रमाच्या निमित्ताने मी ते शिकवीत आले. त्यावरचे प्रश्नही आता ठरून गेले आहेत. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे स्वरूप, ना. वा. टिळकांच्या विक्षिप्तपणाचे चित्रण, आत्मचरित्रातून दिसणारा सामाजिक इतिहास, स्त्रीच्या आत्मभानाचा प्रवास. यांतले बरेच प्रश्न मीच काढले आहेत, आणि त्यांची उत्तरे तपासताना कंटाळलेही आहे. ‘प्रार्थना’ हा शब्द मात्र एकाही प्रश्नपत्रिकेत आल्याचे मला आठवत नाही. धर्मांतर येते, तो चर्चेचा, वादाचा, म्हणून सोयीचा विषय आहे. पण धर्मांतर ही आयुष्यातली एका दिवसाची घटना. त्यानंतरच्या हजारो दिवसांत ही माणसे सकाळी उठून काय करीत होती, कुणाशी बोलत होती, कुणासाठी थांबत होती, याकडे मराठी समीक्षेने फारसे पाहिले नाही. मीही पाहिले नाही. त्याबद्दल थोडे लिहावे असे गेले वर्षभर मनात आहे.

आधी माझ्या नावडीची कबुली देते. प्रार्थना, उद्दिष्टपूर्ण जीवन, मैत्री अशा विषयांवरचे छोटे चिंतनपर लेख ख्रिस्ती नियतकालिकांतून, दिनदर्शिकांच्या मागील पानांवरून आणि आता भ्रमणध्वनीवरच्या सकाळच्या संदेशांतून अखंड येत असतात. (ख्रिस्ती नसलेल्यांची सकाळही याहून वेगळी नसते; आमच्या घरी रोज पहाटे निदान चार सुविचार येऊन पडतात.) हे लेख मला आवडत नाहीत. त्यांतला ‘मनुष्य’ सर्वकाळ संकटात असतो, पण संकट कोणते ते कळत नाही. त्यांतला मित्र ‘खरा मित्र’ असतो, पण त्याला नाव नसते, गाव नसते, खोड नसते. २००२ साली अमेरिकेत रिक वॉरन या पाळकाचे उद्दिष्टपूर्ण जीवनावरचे पुस्तक निघाले. चाळीस दिवसांत चाळीस प्रकरणे वाचून आपण पृथ्वीवर कशासाठी आलो हे समजून घ्यावे, अशी त्याची रचना. त्याचा खप प्रचंड झाला, आणि त्या धाटणीचे गद्य जगभरच्या भाषांत पसरले. मराठीतही त्याची सावली दिसते. मी त्या पुस्तकाची टवाळी करणार नाही. कुणाला त्याने आधार दिला असेल. परंतु भाषेची विद्यार्थिनी म्हणून एवढे नोंदवावेसे वाटते की या गद्यात विशेषनामे नसतात. जिथे विशेषनाम नाही तिथे प्रार्थना करणाराला समोरचे माणूस दिसले होते की नाही, हे कळायला मार्ग नाही.

हे माझ्या लक्षात आले ते पुस्तकातून नव्हे. दोन वर्षांपूर्वी माझी आई अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर तिसरी रात्र. माझी एक सहकारी मैत्रीण, मूळची नगर जिल्ह्यातली, तीन पिढ्यांची ख्रिस्ती, कॉलेज सुटल्यावर रोज येऊन बसायची. आमची मैत्री वीस वर्षांची. वेळापत्रकापासून मुलांच्या दहावीपर्यंत सगळे बोलून झालेले, पण देवाधर्माचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नव्हता. त्या रात्री ती म्हणाली, “अगं, आईंसाठी प्रार्थना करू का? तुला चालेल ना?” मी “कर की,” म्हणाले खरी, पण मनातून आक्रसले. माझी आई वारकऱ्यांच्या घरातली, रोज हरिपाठ म्हणणारी, गळ्यात माळ असलेली. तिच्यासाठी परक्या देवाजवळ काही मागितले जाते आहे, आणि तेही तिला न विचारता, असे काहीसे वाटले. शिवाय, खोटे कशाला बोलू, हिच्या मनात आणखी काही आहे का, हा संशयही क्षणभर डोकावला. वीस वर्षांची मैत्री आणि एका क्षणाचा संशय. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

ती डोळे मिटून हळू आवाजात मराठीत बोलू लागली. पाच मिनिटे झाली असतील नसतील. तिने आईचे नाव घेतले. मग रात्रपाळीच्या सिस्टरचे, तिच्या छातीवरच्या पट्टीवरून वाचलेले नाव घेतले आणि तिला दोन रात्री झोप नाही असे देवाला सांगितले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे नाव घेतले; त्यांचे कुणी अजून आले नाही, असे म्हणाली. ढकलगाडी आणणाऱ्या मामांचा गुडघा दुखतो हेही तिला ठाऊक होते. शेवटी माझे नाव घेऊन म्हणाली की हिने दुपारपासून काही खाल्लेले नाही आणि मी सांगितले तर ऐकणार नाही, तेव्हा आता तूच सांग. मला रडता रडता हसू आले. तीन दिवस मी त्याच बाकावर होते. शेजारच्या खाटेवर कोण आहे हे मला ठाऊक नव्हते.

आई बरी होऊन घरी आल्यावर मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा हाती घेतले, यावेळी शिकवण्यासाठी नव्हे.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे सर्वांना माहीत आहे. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थांना विटाळाचे असे वेड लागले की मीठ-साखरेसारख्या वस्तूही धुऊन घ्यायच्या. मीठ धुतल्यावर उरणार काय? आपण वर्गात हा प्रसंग विनोद म्हणून सांगतो आणि मुले हसतात. पण या घरात देवाची उपासना म्हणजे माणसांना दूर ठेवण्याची रीत झाली होती, हेही त्याच प्रसंगात आहे. देवाजवळ जायचे तर वाटेतली माणसे टाळून जायचे. लक्ष्मीबाई अशा घरातून निघाल्या आणि कुठे पोहोचल्या ते पाहिले, म्हणजे या पुस्तकाचा कणा हाती लागतो असे मला वाटते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला विश्वासात न घेता. पुढचा काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढला. त्यांच्या पहिल्या कविता याच दुःखातून आल्या. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या तरी त्यांनी धर्म बदलला नाही, अन्नपाण्याचे नेम सोडले नाहीत. एका घरात दोन देव आणि दोन चुली असा तो संसार. त्यानंतरचा क्रम मोठा लक्षणीय आहे. त्यांनी आधी जातिभेद सोडला, आणि ख्रिस्त नंतर स्वीकारला. भेद देवाने केले की माणसांनी, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या, आणि कुणाच्या उपदेशावाचून स्वतःच्या बुद्धीने उत्तरापाशी आल्या. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे ही त्यांची पहिली ख्रिस्ती प्रार्थना होती असे मी म्हटले, तर धर्मशास्त्राचे अभ्यासक मला हटकतील. हटकू देत. १९००च्या सुमारास झालेला त्यांचा बाप्तिस्मा हा त्या पाण्यानंतरचा आहे.

या वाचनाला एक गमतीदार पुरावा अनुवादांच्या नावांत सापडतो. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी इंग्रजी अनुवाद केला त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. हे शब्द जुन्या इंग्रजी बायबलातल्या, पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले आहेत. अजून पोहोचलो नाही, पण मागोमाग धावतो आहे, अशा अर्थाच्या वाक्यातले. २०१७ साली शांता गोखले यांचा अनुवाद आला. त्याच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई एक तेजस्वी, बाणेदार पत्नी म्हणून येतात. दुसरा अनुवाद मला वाचायला अधिक आवडला, हे सांगून टाकते. लक्ष्मीबाईंचा मिस्कीलपणा त्यात उतरला आहे. पण दोन नावांच्या मधल्या सदुसष्ट वर्षांत लक्ष्मीबाईंमधली साधक कुठेतरी हरवली आणि पत्नी तेवढी उरली. पहिले नाव वाचून वाटावे की त्या ख्रिस्ताच्या मागून गेल्या. दुसरे वाचून वाटावे की त्या टिळकांना पुरून उरल्या. खरे पाहता त्यांनी दोन्ही केले, आणि तेही बहुधा एकाच वेळी, चुलीवरचे भांडे उतरवता उतरवता.

उद्दिष्टाच्या बाबतीत या दांपत्याइतका विरोध क्वचित पाहायला मिळेल. टिळकांना उद्दिष्टे फार होती. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यांचे आयुष्य बदलले, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या प्रवाशाने म्हणे दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले होते. पुढे अहमदनगर, अमेरिकन मराठी मिशन, शिकवणे, उपदेश, कविता, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी बाजूचे संपादन, आणि अखेरीस १९१७ साली मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ज्यात जागा असेल अशी ख्रिस्तभक्तांची ती कल्पना होती. पंचावन्न वर्षांच्या, प्रकृती खालावलेल्या माणसाने पगार सोडून संन्याशासारखे निघावे, हे उद्दिष्टपूर्ण जीवनाच्या कोणत्याही पुस्तकात शोभेल. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात मात्र ते त्या पुस्तकांसारखे शोभत नाही. कारण त्या आपल्याला सांगतात की घरातले पैसे टिळकांनी कुणाला तरी देऊन टाकले, आणि संध्याकाळी जेवायला माणसे किती होती. टिळकांच्या घरी अनाथ मुले येत, आजारी येत, कवी येत, आणि आलेला परत जायला विसरे. लक्ष्मीबाई त्या सर्वांचे करीत. प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषाही त्यांनी केली. आपल्या आयुष्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचे मला तरी या पुस्तकात दिसत नाही. दारात कोण आले आहे, हा प्रश्न त्या विचारतात. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर पुढे नेऊन त्याचा फार मोठा भाग लिहिला तो याच बाईने, जिला जोडाक्षरे लिहायचा कंटाळा होता.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रार्थनेची भाषा बदलण्याचे काम त्यांनी केले. मिशनऱ्यांच्या मराठीत देव दूरचा, दरबारी आणि अनुवादित होता. ‘प्रभू’ला उद्देशून केलेली वाक्ये व्याकरणाने शुद्ध, पण मराठी माणसाच्या तोंडी न बसणारी. फादर स्टीफन्सने १६१६ मध्येच, रोमन लिपीत छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त, ओवीतून ही अडचण सोडवली होती, पण ती परंपरा गोव्यातच राहिली आणि नगरपर्यंत पोहोचली नाही. टिळकांनी अभंग घेतला. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. या वाक्याचा उपयोग आपण बहुधा ‘भारतीयीकरण’ या जड शब्दाचे उदाहरण म्हणून करतो. मला त्यात वेगळे काही दिसते. अभंगाबरोबर वारकऱ्यांचा देवाशी असलेला सलगीचा सूर आला. रुसणे, हट्ट करणे, सख्याशी बोलावे तसे बोलणे. देव मित्र झाला की प्रार्थनेचा आवाज खाली येतो. मोठ्याने बोलायची गरज उरत नाही. टिळकांची गीते आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीता’तून गायिली जातात. माझी मैत्रीण त्या रात्री देवाला ‘तू’ म्हणत होती आणि त्याच्याकडे माझी चहाडी करीत होती, त्यामागे ही शंभर वर्षे आहेत, हे मला नंतर कळले.

आता मैत्रीविषयी. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झाले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. टिळक तिथे होते. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला. एक ख्रिस्ती उपदेशक, ज्याचे काम माणसांना ख्रिस्ताकडे आणणे हेच आहे, आणि घरात एक विलक्षण प्रतिभेचा, परिस्थितीने गांजलेला, प्रेमाचा भुकेला हिंदू तरुण. धर्मांतराच्या चर्चेत आपण जी संशयाची चौकट वापरतो, तिला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आणि बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले तेव्हा ते जसे टिळकांच्या घरी आले होते तसेच, हिंदू होते. टिळक त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. ‘स्मृतिचित्रे’त ठोमरे येतात ते घरातल्या मुलासारखे. लक्ष्मीबाईंचा स्वर त्यांच्याविषयी लिहिताना जसा होतो तसा फार थोड्यांविषयी होतो. बालकवींची निसर्गकविता शिकवताना आपण इंग्रजी रोमँटिकांची नावे घेतो, केशवसुतांची घेतो. नगरच्या त्या घरात रोज होणाऱ्या प्रार्थनांच्या ऐकण्यातून त्या कवितेत काही आले का, हे कुणी शोधलेले माझ्या वाचनात नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी हा विषय घ्यावा असे मी सुचवीन. कदाचित काही सापडणार नाही. न सापडणे हाही निष्कर्ष असतो.

मात्र मैत्री म्हटले की सगळे गोड, असे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण याबाबतीत मला अधिक जवळचे वाटते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. तो वाचताना वाटते की या बाया सतत भांडत आहेत. रमाबाई मांस खात नाहीत, अंडे घातलेले पक्वान्न नाकारतात; सिस्टरला त्यात जातीचा अहंकार दिसतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे आहेत. रमाबाई विचारतात की जी भाषा ना मला कळते ना माझ्या देशातल्या बायकांना, तिच्यात असे काय पवित्र आहे, तिथे संस्कृत का नको? चर्चचे सिद्धान्त केवळ अधिकाराने सांगितले म्हणून त्या मानायला तयार नाहीत. सिस्टर दुखावतात, रागावतात, उपदेश करतात, क्वचित अन्यायही करतात. साम्राज्याची सगळी ऐट त्यांच्या वाक्यांत आहे. हे सारे आपण वसाहतवादाच्या चर्चेत शिकवतो, आणि शिकवावेच.

पण ही पत्रे जपून ठेवून त्यांची जुळणी कुणी केली? सिस्टर जेराल्डीन यांनीच. जिने आपले म्हणणे सतत खोडून काढले तिची पत्रे या बाईने जवळ ठेवली, आपल्याला उणेपणा आणणारी पत्रेसुद्धा. रमाबाईंची लहानगी मनोरमा त्यांच्या मायेत वाढली. एकमेकींचे पटत नसताना दोघी एकमेकींसाठी रोज प्रार्थना करीत असतील, आणि त्या प्रार्थनेत दुसरीला सुबुद्धी मिळावी असेच मागणे असेल! मला ही मैत्री दिनदर्शिकेवरच्या ‘खऱ्या मित्रा’पेक्षा फार खरी वाटते. रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि ते तिथल्याच बायकांच्या हातांनी छापले गेले. १९२२ मध्ये त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांशी घातलेल्या वादाचे ते लांबचे उत्तर आहे असे मला वाटते. साहित्याच्या दृष्टीने ती भाषा अनेकदा रुक्ष आहे. टिळकांची चव तिला नाही. असो.

माझ्या या लिहिण्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की साहित्याच्या वर्गात प्रार्थना कशाला? मग ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान आपण काय म्हणून शिकवतो, हा माझा उलट प्रश्न आहे. तिथे आपल्याला अडचण येत नाही, कारण ती प्रार्थना आपल्या घरची वाटते. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. टिळक आणि रमाबाई हे प्रचारक होते. त्यांच्या प्रेमाला हेतू चिकटलेला होता. तो पुसून निव्वळ ‘माणुसकी’ दाखवणे म्हणजे इतिहास गोड करणे होय. हे मला मान्य आहे. टिळकांना माणसे ख्रिस्ताकडे यावीत असे वाटत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. त्यांना सर्वधर्मसमभावाचा अंगरखा घालून वर्गात उभे करणे हा त्यांचाच अपमान ठरेल. मी एवढेच म्हणते की हेतू होता म्हणून प्रेम खोटे होते, हे गृहीत धरून वाचू नये. बालकवी त्या घरात राहिले आणि बालकवीच राहिले. तपासायला आपल्याजवळ एवढी एक वस्तुस्थिती आहे.

आणि हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आयुष्यभर मराठीत लिहिलेला, ‘सुवार्ता’ मासिक चालवलेला, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलेला, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी दांडग्यांविरुद्ध रस्त्यावर उतरलेला हा लेखक. पण निवड होताच विरोध सुरू झाला, आणि त्याचे कारण त्यांचे लेखन नव्हते, त्यांचा झगा होता. पाठीच्या दुखण्याने बेजार असतानाही ते संमेलनाला गेले. २०२४च्या जुलैमध्ये ते वारले. त्या दिवसांत आमच्या स्टाफरूममध्ये एका विद्वान प्राध्यापकांनी विचारले होते, “त्यांचे साहित्य म्हणजे प्रवचनच ना?” मी गप्प राहिले. मीही तोवर त्यांची दोनच पुस्तके चाळली होती. वर्गात दया पवार, नेमाडे, मर्ढेकर यांच्यावर तासन्‌तास बोलणारी मी, चर्चच्या दारातून आलेले मराठी चर्चवाल्यांनीच वाचावे असे जणू ठरवून बसले होते. माझी मैत्रीणही त्या वेळी तिथे होती. तीही काही बोलली नाही, फक्त आपल्या हातातले पेपर तपासत राहिली.

आई आता बरी आहे. हरिपाठ पुन्हा सुरू झाला आहे. घरी आल्यावर महिन्याभराने एकदा मी तिला त्या रात्रीची हकिकत सांगितली, जरा भीतभीतच. तिने शांतपणे ऐकून घेतले, माळ बाजूला ठेवली आणि म्हणाली, “माझ्या शेजारी होत्या त्या बाई? रात्रभर कण्हायच्या गं. त्यांचं कुणी आलं का शेवटी?”

मला ठाऊक नव्हते. मैत्रिणीला फोन करून विचारावे लागले.